दसऱ्यावर थांबलेली डिस्क

१

कंपनीच्या नोंदींमध्ये भैरू सोनटक्के अजून जिवंत होता.

चाकणच्या निर्धार स्टॅम्पिंग्जमध्ये पत्रा दाबून आकार देणाऱ्या कोणत्या प्रेसवर कोण उभं राहिलं, ती कधी थांबली, कधी सुरू झाली, हे सगळं एका जुन्या युनिक्स सर्व्हरवर आपोआप नोंदलं जायचं. सहा नंबरच्या प्रेसवर भैरूचा जीव गेला तो तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत. तेरावं होऊन गेलं, गावाकडचे पाहुणे परतले. पण नोंदी उघडल्या की त्या दसऱ्यापाशी येऊन तुटत. त्यापुढे दिवाळी नव्हती, अपघात नव्हता, भैरूचं मरण नव्हतं.

"सर्व्हर बसला, त्यात गेलं सगळं," प्लँट हेड हिंदुराव नलवडे म्हणाले. "तुम्हाला इथं फार काही सापडणार नाही, मॅडम. युनियननं हट्ट धरला म्हणून बोलावलंय तुम्हाला."

तनुजा येळवंडेनं वही उघडली. पूर्वी ती आकुर्डीच्या एका कंपनीत असलेच सर्व्हर सांभाळायची. आता थेरगावात डांगे चौकाजवळ छोटं ऑफिस घेऊन संगणकांतल्या भानगडींचा तपास करायची. आपण नकोसे पाहुणे आहोत हे पहिल्या चहातच ओळखायची तिला सवय झाली होती.

"नक्की झालं काय होतं, ते एकदा सांगा," ती म्हणाली.

"प्रेसच्या तोंडाशी उजेडाचा पडदा असतो. डोळ्याला दिसत नाही. त्यात हात गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. भैरू अडकलेला पत्रा काढायला आत वाकला. प्रेस थांबली नाही." नलवड्यांनी पेपरवेट फिरवला. "पडदा कुणीतरी बंद करून ठेवला होता. तो बंद करायची मुभा फक्त दोघांना. मी आणि फोरमन ज्योतीराम घोरपडे. सर्व्हरमध्ये तसं लिहिलंय, बघून घ्या. मी त्या दिवशी मुंबईला होतो. मग उरला कोण?"

ज्योतीराम सस्पेंड झाला होता. पोलिसांचा कागद अजून अर्धवट होता. तनुजाचा अहवाल गेला की तो पुरा होणार होता.

सर्व्हरच्या खोलीत एसी घुमत होता. सर्व्हर सांभाळणारा अॅडमिन आदिनाथ बोराटे, तिशीचा, दाढी वाढलेला, दारातच उभा राहिला. लोखंडी कपाटाएवढ्या सर्व्हरला पुढच्या बाजूनं चार खण होते. पहिल्या दोन खणांत डिस्क, वर हिरवे दिवे. तिसऱ्याला ट्रेची मूठ होती, दिवा नव्हता. चौथ्यावर नुसती पत्र्याची पट्टी आणि पट्टीवर धुळीचा थर.

"तिसऱ्यात काय?"

"रिकामा ट्रे आहे, मॅडम." आदिनाथनं घसा साफ केला. "त्याच संध्याकाळी लाइट गेली आणि पहिली डिस्क मेली. दुसरी तिचा आरसाच. सर्व्हर दुसरीवरून उठवला. मग पहिलीच्याच ट्रेमध्ये नवी डिस्क बसवली आणि दुसरीवरून भरून घेतली. आता दोघी सारख्या. नोंदींची फाइल तेवढी लाइट जाताना तुटली. दसऱ्यापर्यंतचा तुकडा वाचला."

"बॅकअप?"

"अकाउंटच्या मशीनचा होतो. ह्या म्हाताऱ्याला कोण विचारतं?"

"मेलेली डिस्क कुठाय?"

त्यानं ड्रॉवरमधून एक डिस्क काढून दिली. ड्रिलनं आरपार भोकं पाडलेली. "डेटा बाहेर जाऊ नये म्हणून पाडावी लागतात."

तनुजानं ती हातात घेऊन फिरवली, कडा पाहिल्या, परत दिली आणि आभार मानून बाहेर आली.

डिस्क ट्रेमध्ये बसवायची तर कडेला चार स्क्रू आवळावे लागतात. वर्षानुवर्षं आवळलेले स्क्रू आपल्याभोवतीचा रंग खाऊन टाकतात. ह्या डिस्कच्या चारही भोकांभोवती रंग जसाच्या तसा होता.

ही डिस्क त्या सर्व्हरमध्ये कधी बसलेलीच नव्हती.

२

ज्योतीराम घोरपडे आकुर्डीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा. दार त्याच्या बायकोनं, सुमनताईंनी उघडलं. ज्योतीराम गॅलरीत पाठमोरा बसला होता. दिवसभर अंगात कामाचा शर्ट घालून बसतात, काढा म्हटलं तर काढत नाहीत, असं सुमनताईंनी हळूच सांगितलं.

"मी पडदा बंद केला नाही," तो म्हणाला. हे वाक्य त्यानं इतक्यांदा म्हटलं असावं की त्यात आता जीव उरला नव्हता.

"तुमच्याशिवाय कुणाला मुभाच नव्हती म्हणतात."

"नव्हती कशी? दिवाळीच्या तोंडावर साहेबांनीच सगळ्या सेटरना दिली होती." सेटर म्हणजे प्रेसमध्ये साचा बदलून ती पुढच्या शिफ्टसाठी लावून देणारी माणसं. "पडद्याच्या काचेवर तेल बसायचं. प्रेस उगाच थांबायची. ऑर्डर मोठी. मी म्हटलं, काचा बदलू. साहेब म्हणाले, काचा मागवल्यात, तोवर सेटरनाच बंद करू दे, दर वेळी तुझी वाट कोण बघणार? त्यांनी स्वतः सर्व्हरमध्ये तसं टाकलं. माझ्यासमोर."

"आता सर्व्हरमध्ये सेटरांचं नाव नाही."

"तेच ना." ज्योतीराम पहिल्यांदा वळला. डोळ्यांखाली काळं पडलं होतं. "मला उघडून दाखवलं. दोनच नावं. मॅडम, मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि आता नाही. चार माणसं सांगतात नाही म्हणून. कधी कधी वाटतं, मलाच भ्रम झाला असेल. मीच बंद केला असेल आणि विसरलो असेन."

"सेटर बोलणार नाहीत?"

"नोकरी कुणाला नकोय?"

सुमनताईंनी चहाचा कप ठेवला. "मी भोसरीला गेले होते, भैरूभाऊंच्या बायकोला, कौशल्याबाईंना भेटायला. दिवाळीचा फराळ एकत्र केलेला आम्ही. त्यांनी मला बघितलं आणि दार लावून घेतलं. चुकलं असं तरी कसं म्हणू? त्यांना वाटतं, ह्यांनीच मारलं."

जिना उतरताना तनुजाच्या डोक्यात एकच नाव होतं. मुभा कुणी दिली? नलवड्यांनी. ती नाहीशी झाली तर फायदा कुणाचा? नलवड्यांचा. अॅडमिन कुणाच्या हाताखाली? नलवड्यांच्याच.

गणित फार सरळ सुटत होतं. पण नाहीशी कशी झाली, हे अजून तिला सांगता येत नव्हतं.

३

ते तिला टूलरूममधल्या पिंकीनं सांगितलं. आपण काही सांगतोय हे पिंकीच्या गावीही नव्हतं.

पिंकी खिडकीतून कामगारांना हत्यारं द्यायची आणि प्रत्येक हत्यार सर्व्हरवर चढवायची. तनुजा तिच्याशी भैरूबद्दल बोलत होती. बोलता बोलता पिंकीनं पासवर्ड टाकला आणि तिचं तोंड कडवट झालं.

"काय गं?"

"काही नाही, मॅडम. फालतू आहे."

"सांग की."

पिंकीनं इकडेतिकडे बघितलं. "माझं लग्न ठरलं होतं. पासवर्डमध्ये त्याचं नाव होतं. दसऱ्यानंतर मोडलं. मी त्याच दिवशी पासवर्ड बदलला. दिवाळीभर नवाच टाकत होते. मग भैरूकाकांचं ते झालं, सर्व्हर बंद पडला. चालू झाल्यावर माझा पासवर्ड चालेना. सहज म्हणून जुना टाकून बघितला..." ती कसनुसं हसली. "चालला. आता रोज सकाळी त्याचं नाव टाइप करून कामाला सुरुवात. परत बदलायचं तर आदिनाथदादांना सांगावं लागतं. अशा वेळी कसं सांगू?"

"तू बदलला होतास, नक्की?"

"मॅडम, असलं कुणी विसरतं का?"

तनुजा कँटीनच्या कट्ट्यावर जाऊन बसली.

सर्व्हरच्या दोन डिस्क एकमेकींचा आरसा असतात. सर्व्हर जे लिहितो ते दोघींवर एकाच वेळी लिहितो, म्हणून एक मेली तरी दुसरीवर काम चालतं. पण एखादी डिस्क चुकायला लागली, की सर्व्हर तिला आरशातून सोडून देतो. तिच्यावर लिहिणं थांबवतो. ती मरत नाही. सोडली त्या दिवशी जशी होती तशीच राहते, आणि पुढचं सगळं उरलेल्या एकटीवर लिहिलं जातं.

आदिनाथ म्हणाला होता, फाइल तुटली. फाइल तुटली तर नोंदी जातील. पासवर्ड कसा जुना होईल? मुभा कशी जुनी होईल? तिन्ही गोष्टी एकदम मागे गेल्या होत्या, आणि तिन्ही दसऱ्यापाशीच. खंडेनवमीला पूजेसाठी सगळी यंत्रं बंद करतात, सर्व्हरसुद्धा. परत चालू करताना दुसरी डिस्क सुटली असणार. म्हाताऱ्या डिस्कचं असं होतं.

म्हणजे अपघाताच्या संध्याकाळी कुणीतरी पहिली, चांगली, ताजी डिस्क बाहेर काढली. सर्व्हर त्या थांबलेल्या डिस्कवरून उठवला. मग शेजारी नवी कोरी डिस्क लावून तीही त्याच जुन्या दिवसानं भरून घेतली. आता दोघी एकमेकींचा आरसा होत्या आणि दोघीही खोटं बोलत होत्या.

ज्योतीरामला भ्रम झाला नव्हता. ज्या यादीत तो दोषी दिसत होता, ती यादी अपघाताच्या कितीतरी आधीची होती.

तिनं नलवड्यांना गाठलं. "दिवाळीआधी तुम्ही सेटरना मुभा दिली होती?"

पेपरवेट फिरायचा थांबला. "सर्व्हरमध्ये दिसतंय तेच खरं. त्यात आहे का तसं?"

"नाही."

"मग?" नलवडे म्हणाले. पण त्यांच्या कपाळावर घाम होता.

४

भैरूचं कुटुंब भोसरीत भाड्याच्या खोलीत राहायचं. लातूरकडून आले तेव्हापासून तीच खोली. कौशल्याबाईंनी तनुजाला सतरंजीवर बसवलं. कोपऱ्यात त्यांचा मुलगा समाधान गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. तोही त्याच कंपनीत, पहिल्या शिफ्टला सेटर. उठून त्यानं पाण्याचा तांब्या आणला आणि परत तिथंच बसला.

"सांगून काय व्हतंय, बाई," कौशल्याबाई म्हणाल्या. "मानूस गेलं. ज्यानं केलं त्यो घोरपड्या घरात बसून खातोय."

समाधाननं मान वर केली. "ज्योतीरामकाकांचं काय होईल, मॅडम?"

तनुजाला हा प्रश्न खटकला. बापाच्या मरणाबद्दल त्यानं एक शब्द विचारला नव्हता.

"माझ्या अहवालावर आहे," ती म्हणाली.

कौशल्याबाई आपल्याच तंद्रीत होत्या. "त्या दिशी डबा भरून दिला. म्हनले, आज सा नंबरला जायचंय. आपलं पोरगं साचा लावनार हाय, आता घोर न्हाई. लई अभिमान व्हता लेकराचा. सगळ्यांला सांगायचे."

समाधान उठला आणि बाहेर निघून गेला. चपलासुद्धा घातल्या नाहीत.

"असंच करतंय," कौशल्याबाई डोळे पुसत म्हणाल्या. "जेवत न्हाई, बोलत न्हाई. आदिनाथ येतो समजूत काढाया. त्येच्याशीबी बोलत न्हाई."

"आदिनाथ बोराटे? कंपनीतला?"

"त्येच्याच आईच्या खोल्या ह्या. पलीकडची भिंत त्येंचीच. बाप ल्हानपणी गेला पोराचा. ह्येनीच त्याला सायकल शिकवली, शाळेत सोडलं. दोन्ही लेकरं एका ताटात जेवलेली."

तनुजा उठली. तिचं सरळ सुटलेलं गणित आता सुटत नव्हतं.

नलवड्यांनी डिस्क काढायला लावली असती, तर ती नष्ट करायला लावली असती. ज्यानं ही लबाडी केली त्यानं भोकं दुसऱ्याच डिस्कला पाडली होती. त्याला ती लपवायची होती, पण मारायला त्याचा हात धजला नव्हता. असा माणूस साहेबाच्या भीतीनं काम करत नाही.

आणि गेटवर प्रत्येकाची पिशवी उघडून बघत होते. डिस्क बाहेर गेली नव्हती. मग कारखान्यात डिस्क अशा कुठल्या जागी ठेवावी, की ती पाहूनही कुणाला काही वाटू नये?

तिला चौथ्या खणावरची धूळ आठवली. आणि तिसऱ्यावर नसलेली.

५

"आदिनाथ, तिसरा ट्रे काढ."

दुपारची शिफ्ट सुरू झाली होती. भिंतीपलीकडून प्रेसचे ठोके जमिनीतून पायात येत होते. आदिनाथ हलला नाही.

"रिकामा आहे, ताई." मॅडमचं ताई कधी झालं, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

"रिकामा असेल तर काढायला काय जातंय?" तिनं भोकं पाडलेली डिस्क टेबलावर ठेवली. "हिला स्क्रू कधी लागलेच नाहीत. तू म्हणालास पहिलीचा ट्रे नव्या डिस्कला वापरला. नवी डिस्क स्वतःच्या ट्रेसकट आली. पहिली आपल्या जुन्या ट्रेमध्येच आहे. दोन खण सरकवून ठेवलीस, जराशी बाहेर, कुठं जोडली जाणार नाही अशी. दुसरी दसऱ्यालाच सुटली होती. खरं की नाही?"

आदिनाथची नजर तिसऱ्या खणाच्या मुठीवर गेली.

"नवी डिस्क मागवली होती मी," आदिनाथ म्हणाला. "दसऱ्यानंतर लगेच. आली ती अपघाताच्या आदल्या दिवशी. बसवायचीच होती. आधी बसवली असती तर दोन्हींवर सगळं लिहिलं गेलं असतं आणि मला हे करताच आलं नसतं."

"नलवड्यांनी सांगितलं तुला?"

"नाही." तो खाली बसला, जमिनीवरच. "त्यांना काय ठाऊक डिस्क म्हणजे काय ते. ताई, मी पाया पडतो. वाचू नका ती. तुम्ही लिहा, डिस्क खराब आहे, वाचता येत नाही. ज्योतीरामकाकांसाठी आपण दुसरं काहीतरी करू. मला काय माहीत, त्यांच्यावर येईल म्हणून! मला वाटलं, नोंद गेली की कुणावरच काही येणार नाही. अपघात म्हणून सोडून देतील."

"कुणाला वाचवतोयस?"

 हाताच्या तळव्यांनी डोळे दाबून तो नुसता मान हलवत राहिला.

तनुजानं तिसऱ्या खणाची मूठ धरली आणि ट्रे आत ढकलला. डिस्क फिरू लागल्याची बारीक घरघर झाली. दिवा हिरवा झाला. डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही, नुसती वाचता येईल, अशी ती जोडून घेऊन तिनं नोंदी उघडल्या. दसरा गेला. दिवाळी गेली. तुळशीचं लग्न आलं.

सहा नंबरची प्रेस. पहिली शिफ्ट संपत आलेली. उजेडाचा पडदा बंद.

बंद करणाऱ्याचं कार्ड: समाधान भैरू सोनटक्के.

त्याखाली पडदा परत चालू केल्याची नोंद नव्हती. पुढची ओळ दुसऱ्या शिफ्टची होती. प्रेसवर हजर, भैरू सोनटक्के.

६

"साचा लावताना पडदा बंद करावाच लागतो," आदिनाथ सांगत होता. आता त्याला थांबता येत नव्हतं. "लावून झाला की चालू करायचा. त्या दिवशी आठ नंबर अडली. सुपरवायझरनं हाक मारली, सोम्या, म्हणजे समाधान, धावत गेला. शिफ्ट सुटली. काकांनी बघितलं, पोरानं लावलेली प्रेस आहे. त्यांनी काही तपासलं नाही. कशाला तपासतील?"

"हे तुला समाधाननं सांगितलं?"

"नाही. मी नोंदीवरून आणि लोकांच्या बोलण्यावरून ताडलं. मला वाटलं, त्याला ठाऊकच नसेल. त्या संध्याकाळी काकांना दवाखान्यात नेलं आणि मला साहेबांचा फोन, नोंदी काढून ठेव म्हणून. उघडल्या आणि हे दिसलं. काकू तिकडं दवाखान्याच्या पायरीवर बसल्यात, सोम्याचा हात धरून. नवरा गेला, आता पोरगं पण न्यायचं का त्यांचं?"

 तनुजानं परत स्क्रीनकडे पाहिलं. सवयीनं ती वर सरकत गेली. आदल्या दिवशी, त्याच्या आदल्या दिवशी, दिवाळीपर्यंत. आणि थांबली.

"आदिनाथ, तू शेवटची ओळ बघितलीस. वरच्या वाचल्यास?"

"कशाला वाचू?"

"इकडं ये."

सहा नंबरचा पडदा दिवाळीपासून रोज बंद होत होता. प्रत्येक शिफ्टला. वेगवेगळ्या सेटरांची कार्डं होती. कधी साचा लावायला, बहुतेकदा तसंच उत्पादन चालवायला. अख्ख्या पाळ्या पडद्याशिवाय निघाल्या होत्या. आणि त्या सगळ्याच्या वर एक ओळ होती. सेटरना पडदा बंद करण्याची मुभा, देणार हिंदुराव नलवडे. त्याच्या खाली आणखी एक ओळ. पडदा फार वेळ बंद राहिला की वाजणारी घंटा कायमची बंद. करणार, हिंदुराव नलवडे.

आदिनाथ वाचत राहिला. त्याचे ओठ हलत होते.

"घंटा वाजली असती," तो म्हणाला.

"हो. समाधान विसरला असता, घंटेनं आठवण केली असती. भैरूला तरी ऐकू आली असती. विसरणाऱ्या माणसासाठीच असते ती." तनुजाचा आवाज खाली आला. "तू समाधानला झाकायला गेलास आणि नलवड्यांना झाकलंस. सर्व्हर दसऱ्यावर नेलास तेव्हा त्यांची मुभा पुसली, घंटा परत आली, आणि वर उरला एकटा ज्योतीराम. साहेबांनी ते पाहिलं असणार. काही न करता गप्प बसले. आणि त्यांना काही करायची गरजच नव्हती."

आदिनाथनं भिंतीला डोकं टेकलं. पलीकडे प्रेसचा ठोका पडत राहिला.

"मी उद्या अहवाल देणार," तनुजा म्हणाली. "पूर्ण. एकही ओळ न गाळता. त्याआधी त्या घरात हे आपल्या तोंडून कळलं पाहिजे. चल."

७

समाधान खोलीबाहेरच्या नळाशी भांडी घासत होता. आदिनाथ त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"सोम्या, डिस्क माझ्याकडं होती. मी काढली होती."

समाधाननं राखेचे हात तसेच ठेवले. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"तुला?"

"मला त्याच क्षणी कळलं. शिफ्ट सुटली तरी आठ नंबरवरच होतो. आवाज आला. प्रेसचा आवाज वेगळा आला आणि मला आठवलं, पडदा." त्यानं भांडं खाली ठेवलं. "मी धावलो, दादा. खरंच धावलो."

एका भिंतीच्या दोन बाजूंना दोघं इतके दिवस एकच गोष्ट उराशी धरून झोपत होते, आणि एकमेकांच्या नजरा चुकवत होते.

"बोलला का नाहीस?" तनुजानं विचारलं. तिला त्याला बोचायचं नव्हतं, पण हे विचारणं भाग होतं.

"आईनं पहिल्याच दिवशी माझं तोंड दोन्ही हातात धरलं. म्हणाली, तू हायस म्हणून मी जित्ती हाय. मग कसं बोलू? रोज ठरवायचो. आज सांगू, उद्या सांगू. ज्योतीरामकाकांना सस्पेंड केलं त्या दिवशी कंपनीच्या गेटपर्यंत गेलो होतो. पाय उचलेना."

दारात सावली पडली. कौशल्याबाई उभ्या होत्या. किती वेळ, कुणाला ठाऊक नव्हतं.

समाधान उठला. ओले हात बाजूला लोंबत होते. "आई, पडदा माझ्या हातनं राहिला."

कौशल्याबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. रडल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हळूहळू विझत गेलं आणि त्या उंबऱ्यावर खाली बसल्या.

"त्येनला कळलं आसंल का?" त्यांनी विचारलं. "शेवटाला. तू इसरलास म्हून?"

"नाही, काकू," आदिनाथ म्हणाला. "कळायला वेळच नव्हता."

"बरं झालं." त्या तेवढंच बोलल्या. मग दाराकडं बघत, "आन् म्या त्या सुमनच्या तोंडावर दार लावलं."

तनुजानं खाली बसून त्यांना घंटेचं सांगितलं. मुभेचं सांगितलं. साध्या शब्दांत, एकेक करून. कौशल्याबाई ऐकत होत्या, पण त्यांची नजर मुलावर होती. तो अजून तसाच उभा होता, कुणी बस म्हणेल म्हणून.

"हात धू," त्या म्हणाल्या. "राख लागलीय."

त्याच संध्याकाळी चौघं आकुर्डीला गेली. ज्योतीरामनं सगळं ऐकून घेतलं. समाधान पाया पडायला वाकला तेव्हा तो मागे सरला. शिवी दिली नाही, जवळही घेतलं नाही. आत जाऊन त्यानं खोलीचं दार लोटलं. आतून येणारा रडण्याचा आवाज बाहेर सगळ्यांना ऐकू येत होता. सुमनताई कौशल्याबाईंशेजारी येऊन बसल्या. 

८

अहवाल गेला. नलवड्यांनी आधी डिस्क बनावट असल्याचं सांगितलं, मग ते रजेवर गेले. दुसऱ्या कुणाच्या बोलण्यावर विसंबायला नको म्हणून कारखाने निरीक्षकांनी डिस्क सील करून नेली. सेटर एकेक करून बोलायला लागले. एक बोलला म्हटल्यावर बाकीच्यांना सोपं गेलं. ज्योतीरामला कामावर परत बोलावलं, पण त्यानं न जायचं ठरवलं. आदिनाथची नोकरी गेली. पुरावा लपवल्याचं त्यानं स्वतः लिहून दिलं.

पोलिस चौकीत जबाब नव्यानं घ्यायचा होता. मेलेल्या माणसाची बायको म्हणून तक्रार कौशल्याबाईंची. तनुजा त्यांच्यासोबत गेली. बाकावर एका बाजूला समाधान बसला होता, मान खाली घालून. त्याचा जबाब सकाळीच झाला होता.

हवालदार संगणकावर टाइप करत होते. वयस्क, सौम्य माणूस. "कुणाविरुद्ध तक्रार आहे, बाई?"

"त्या नलवडे सायबाचं नाव लिवा. घंटा त्यानं बंद केली."

"लिहिलं."

"आदिनाथ बोराटे. त्यानं लपवलं. चांगलं पोरगं हाय, पर लपवलं."

कळांचा आवाज होत राहिला.

"आन् समाधान भैरू सोनटक्के."

बोटं थांबली. हवालदारांनी बाकाकडे पाहिलं, मग कौशल्याबाईंकडे. "बाई, कायद्यानं जे व्हायचं ते होईल. तुमच्या तोंडून हे नाव यायलाच पाहिजे असं नाही. मुलगा आहे तुमचा."

"व्हय," कौशल्याबाई म्हणाल्या. "तेबी लिवा."